परत मैदानात, की निवृत्ती? हृदयविकारानंतरच्या फुटबॉलविषयी वाचकांचे प्रश्न

हृदयाच्या दुखण्यातून उठलेल्या फुटबॉलपटूने पुढे काय करावं, याविषयी आलेल्या पत्रांना क्रीडावैद्यक आणि हृदयरोग क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी दिलेली ही उत्तरं. पत्रं लांबलचक होती, मुद्दा तेवढा ठेवला आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : डेन्मार्कचा क्रिस्तियन एरिक्सन मैदानावर कोसळला आणि तरीही परत खेळला. अर्जेंटिनाच्या सर्हिओ अग्वेरोने मात्र दीड महिन्यात निवृत्ती घेतली. एकाने हिंमत केली आणि दुसऱ्याने कच खाल्ली, असं समजायचं का? (पुणे)

मुळीच नाही. 12 जून 2021 रोजी कोपनहेगनच्या पार्केन मैदानावर फिनलंडविरुद्ध खेळताना एरिक्सनचं हृदय बंद पडलं. छाती दाबून आणि शॉक देऊन ते तिथेच पुन्हा सुरू करण्यात आलं, आणि काही दिवसांत त्याच्या छातीत आयसीडी बसवलं गेलं. बिघडलेला ठोका ओळखून आतूनच शॉक देणारं हे यंत्र. त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला अग्वेरो बार्सिलोनाकडून अलावेसविरुद्ध खेळताना छातीत अस्वस्थ वाटू लागल्याने बाहेर आला. तपासण्यांत ठोक्यांचा दोष निघाला आणि 15 डिसेंबरला, वयाच्या 33व्या वर्षी, तो थांबला. म्हणजे ज्याचं हृदय बंद पडलं तो 26 फेब्रुवारी 2022 ला ब्रेंटफर्डकडून मैदानात उतरला, आणि जो स्वतःच्या पायांनी बाहेर चालत आला त्याचा खेळ संपला. प्रसंग पाहणाऱ्याला किती भयंकर वाटला, याचा पुढच्या निर्णयाशी फारसा संबंध नसतो.

निर्णय ठरतो तो तीन गोष्टींवर : मूळ कारण कोणतं, ते दूर झालं का, आणि खेळल्यामुळे ते बळावतं का. नायजेरियाच्या न्वान्क्वो कानूचं उदाहरण घ्या. 1996 मध्ये ऑलिम्पिक सुवर्ण जिंकून तो इंटर मिलानकडे आला आणि तपासणीत महाधमनीच्या झडपेचा दोष सापडला. शस्त्रक्रियेने झडप दुरुस्त झाली, 1997 मध्ये तो परतला आणि पुढे आर्सेनलकडून बरीच वर्षं खेळला. दोष यांत्रिक होता, दुरुस्त करता आला. याच्या अगदी उलट टोकाला एआरव्हीसी नावाचा आनुवंशिक आजार आहे. त्यात हृदयाच्या स्नायूची जागा हळूहळू चरबी आणि व्रण घेतात, आणि दमदार व्यायामाने ही झीज वाढते. अशा खेळाडूला आयसीडी बसवलं तरी स्पर्धात्मक फुटबॉल थांबवायला सांगतात, कारण यंत्र मृत्यू टाळतं पण झीज थांबवत नाही. बाकीचे बहुतेक आजार या दोन टोकांच्या मध्ये येतात.

म्हणून ‘मी खेळू शकेन का?’ हा पहिला प्रश्नच नको. ‘मला नेमकं झालं काय होतं?’ याचं उत्तर कागदावर येईपर्यंत निवृत्तीही जाहीर करू नये आणि परतीची तारीखही देऊ नये.

प्रश्न : एरिक्सनला इटलीत खेळता आलं नाही, इंग्लंडमध्ये आलं. हृदय तेच, मग नियम वेगळे कसे? (लंडनस्थित वाचक)

इटलीत स्पर्धात्मक खेळासाठी वैद्यकीय पात्रतेचा दाखला कायद्याने सक्तीचा आहे. दाखला देणाऱ्या डॉक्टरवर त्याची जबाबदारी येते, आणि आयसीडी असलेल्या व्यावसायिक फुटबॉलपटूला तो मिळत नाही. म्हणूनच डिसेंबर 2021 मध्ये एरिक्सन आणि त्याचा तेव्हाचा इटालियन क्लब इंटर यांनी सहमतीने करार संपवला. 1 डिसेंबर 2024 रोजी इंटरविरुद्धच्याच सामन्यात कोसळलेल्या फिओरेंतिनाच्या एदोआर्दो बोवेलाही आयसीडी बसवल्यानंतर इटलीत खेळण्याची दारं बंद झाली. इंग्लंडमध्ये अशी सरसकट बंदी नाही. तिथे हृदयरोगतज्ज्ञ, क्लबचा डॉक्टर आणि खेळाडू एकत्र बसून जोखीम तोलतात आणि निर्णय नोंदवून ठेवतात. दोन्ही पद्धतींना त्यांचं त्यांचं तर्कशास्त्र आहे. आमचा कल इंग्लंडच्या पद्धतीकडे आहे, पण एका अटीवर : खेळाडूला जोखीम समजावणारा डॉक्टर क्लबच्या पगारावर नसावा.

प्रश्न : धाकटा भाऊ 24 वर्षांचा आहे, तालमीच्या संघातून खेळतो. तापानंतर छातीत दुखू लागलं, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण) वाढलेलं निघालं, डॉक्टरांनी ‘मायोकार्डायटिस’ सांगितलं. आता दोन महिने झाले. त्याला काहीच त्रास नाही, टीएमटीसुद्धा (पट्ट्यावर पळवून करतात ती हृदयतपासणी) नॉर्मल आली. लीग जवळ आली आहे आणि पेठेतून रोज विचारणा होते. उतरवायचं का? (कोल्हापूर)

नाही. निदान या महिन्यात तरी नाही.

मायोकार्डायटिस म्हणजे हृदयाच्या स्नायूला आलेली सूज. अशा सुजलेल्या स्नायूवर ताण पडला की दोन गोष्टी बिघडतात : ठोका अचानक भरकटू शकतो, आणि भरत आलेल्या जागी कायमचा व्रण राहू शकतो. युरोपियन हृदयरोग संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत यासाठी 3 ते 6 महिने विश्रांती सांगितली होती. विश्रांती म्हणजे सामने बंद आणि पळणं चालू, असं नाही. जिम, टेकडीवरचा जॉग, ‘नुसतं गोलकीपिंग’ हे सगळं बंद. घरातली कामं आणि साधं चालणं चालेल.

आता त्या टीएमटीबद्दल. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी वयानुसार काढलेल्या कमाल ठोक्यांच्या 85 टक्क्यांना पट्टा थांबवतात. 220 वजा 24 म्हणजे 196, त्याचे 85 टक्के म्हणजे साधारण 167. फुटबॉलच्या सामन्यात खेळाडूचा सरासरी ठोकाच या आकड्याच्या आसपास असतो आणि लांब धाव घेतल्यावर 190 च्या वर जातो. म्हणजे तपासणी जिथे थांबली, तिथे तुमच्या भावाचा सामना सुरू होतो. शिवाय सूज पूर्ण उतरल्याची खात्री नसताना दुसऱ्या महिन्यात टीएमटी करायलाच नको होती.

क्रम असा ठेवा. तीन महिने पुरे झाले की आधी रक्त तपासा : ट्रोपोनिन आणि सूज दाखवणारं सीआरपी. मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, त्यात हृदयाची पंप करण्याची ताकद पूर्ववत झाली आहे का ते पाहायचं. त्यानंतर हृदयाचा एमआरआय, आणि तो रंगद्रव्य टोचूनच, कारण त्याशिवाय व्रण दिसत नाही. इको नॉर्मल असून एमआरआयमध्ये व्रण निघणं नेहमीचं आहे, तेव्हा खर्च वाचवायला ही पायरी गाळू नका. आजाराच्या सुरुवातीचा एमआरआय असेल तर तो सोबत न्या, तुलना करता येते. हे तिन्ही स्वच्छ आले तरच टीएमटी. तीही 85 टक्क्यांवर न थांबवता, ‘आता पाय उचलत नाही’ असं तो स्वतः म्हणेपर्यंत, हे आधी सांगून ठेवा. शेवटी होल्टर, म्हणजे अंगावर लावून ठोके सलग नोंदवणारं यंत्र. तो लावून दिवसभर घरी बसण्यात अर्थ नाही. पहिला देखरेखीखालचा सराव त्या चोवीस तासांत आला पाहिजे, जमल्यास 48 तासांचा घ्या.

एमआरआयमध्ये सूज अजून दिसली तर घड्याळ पुन्हा सुरू होतं, तीन महिन्यांनी परत तपासणी. सूज नाही पण छोटा व्रण आहे आणि ठोक्यांत गडबड नाही, तर परवानगी मिळू शकते, मात्र दरवर्षी तपासणी हवी. मोठा व्रण आणि व्यायामात वाढत जाणारे जादा ठोके, असं एकत्र आलं तर स्पर्धात्मक खेळ सोडण्याची तयारी ठेवावी लागते.

परवानगी मिळाली तरी थेट सामना नको. छातीला पट्टा लावून ठोके मोजा. पहिले दोन आठवडे भरभर चालणं आणि सायकल, ठोका कमालच्या 70 टक्क्यांपर्यंत. तिसऱ्या आठवड्यात 20 ते 30 मिनिटं पळणं. चौथ्यात चेंडूसह धावा, पण धक्काबुक्की नाही. पाचव्यात पूर्ण सराव. सहाव्यात बदली खेळाडू म्हणून शेवटची 15-20 मिनिटं. मधेच धडधड, चक्कर, छातीत दुखणं किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागणं यातलं काहीही झालं तर ‘एक पायरी मागे जाऊ’ असं करू नका, थेट डॉक्टरकडे जा.

आणि तालमीतल्या मोठ्या मंडळींना एक सांगा. अंगात ताप असताना पॅरासिटामॉल घेऊन सामना खेळण्याची जी पद्धत आहे, ती थांबवा. गोळीने ताप उतरतो, विषाणू तसाच राहतो. पेठेच्या इज्जतीचा प्रश्न पुढच्या मोसमातही सोडवता येईल.

प्रश्न : मुलाला आयसीडी बसवलं आहे. डॉक्टरांनी आजार पाहून खेळायला हरकत नाही म्हटलं. पण यंत्राची काळजी कशी घ्यायची, हे कुणी नीट सांगत नाही. (ठाणे)

नेहमीचं आयसीडी डाव्या कॉलरबोनखाली कातडीच्या आत बसतं आणि शिरेतून गेलेली तार हृदयाच्या उजव्या कप्प्यात रुतवलेली असते. पहिले 4 ते 6 आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही. तार स्नायूत पक्की होण्याआधी सरकली तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. खांदा अजिबात न हलवणंही चूक, तो आखडतो. कोपर अंगाजवळ ठेवून हलक्या हालचाली चालू ठेवा.

फुटबॉलमध्ये दोन धोके खास आहेत. पहिला, यंत्रावर कोपर किंवा गुडघा बसणं. त्यासाठी यंत्रावर येईल अशी जाड गादी शिवलेली बनियन वापरतात, आणि चेंडू त्या बाजूच्या छातीवर घ्यायचा नाही, ही सवय लावून घ्यावी लागते. दुसरा, वर्षानुवर्षं हात वर जाण्याने कॉलरबोन आणि बरगडीच्या बेचक्यात तार घासून तुटणं. गोलकीपर आणि लांब थ्रो-इन टाकणाऱ्यांना हा धोका जास्त. तुटलेली तार खोटे संकेत पाठवते आणि यंत्र विनाकारण शॉक देतं. दुसऱ्या एका प्रकारात यंत्र डाव्या काखेखाली आणि तार छातीच्या हाडालगत, कातडीखालीच असते. शिरेत काही नसल्याने हा त्रास टळतो. पण ज्याला पेसमेकरचीही गरज आहे, त्याला हा प्रकार चालत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यंत्राची मांडणी, आणि बऱ्याचदा तिथेच घोळ होतो. ठरावीक ठोक्यांच्या वर गेलं की यंत्र ‘धोका’ समजतं. ही मर्यादा घरात बसणाऱ्या साठीच्या रुग्णासाठी ठेवतात तशी ठेवली, तर विसाव्या वर्षीचा मुलगा जोरात पळाला की शॉक बसेल. म्हणून पूर्ण दमेपर्यंत टीएमटी करून त्याचा कमाल ठोका पाहायचा आणि मर्यादा त्याच्या 10 ते 20 ठोके वर, सोबत ओळखण्याचा वेळ थोडा वाढवून, ठेवून घ्यायची. मर्यादेचा आकडा तुमच्या फाइलवर लिहून मागा. ठोका मंदावणारी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल आणि सामन्याच्या दिवशी ‘दम कमी पडतो’ म्हणून मुलाने गोळी टाळली, तर ठोका या मर्यादेला जाऊन भिडतो. विनाकारण बसणाऱ्या शॉकचं हे ठरलेलं कारण आहे. उकाड्यात घामावाटे क्षार गेले की खरा बिघाड होण्याची शक्यताही वाढते.

शॉक बसलाच तर? एकच बसला आणि लगेच बरं वाटलं, तर त्या दिवशीचा खेळ संपला, डॉक्टरला फोन, यंत्राची नोंद तपासून घ्यायची. लागोपाठ दोन बसले किंवा शुद्ध हरपली, तर थेट रुग्णालय. हॉलंडच्या डेली ब्लिंदला ऑगस्ट 2020 मध्ये हेर्था बर्लिनविरुद्धच्या सराव सामन्यात यंत्राने असा झटका दिला होता. तपासणीनंतर तो परतला आणि 2022 च्या विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध गोलही केला. आयसीडी असलेल्या 372 खेळाडूंचा पाठपुरावा करणारा एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खेळताना कुणीही दगावलं नाही, मात्र सुमारे दहातल्या एकाला सामन्यात किंवा सरावात शॉक बसला. दोन्ही आकडे मुलासमोर ठेवा. शॉकनंतर मैदानाची भीती बसणं अगदी स्वाभाविक आहे, आणि त्या भीतीपोटी खेळ सोडणं हेही पूर्ण वैध कारण आहे.

बॅटरी साधारण 7 ते 10 वर्षं पुरते. ती बदलताना यंत्रच बदलावं लागतं आणि दर वेळी जंतुसंसर्गाची जोखीम येते. विशीतल्या मुलासाठी हा हिशेब आजच मांडून ठेवावा. आणि ज्यांना यंत्र अजून बसलेलं नाही, त्यांनी हृदयाचा एमआरआय आधीच करून घ्यावा. नंतर करता येतो, पण यंत्राच्या सावलीने चित्र बिघडतं.

प्रश्न : अन्वर अली आमच्या एफसी गोवाकडून खेळला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. पण त्याला खेळू देणं बरोबर होतं का? (मडगाव)

2019 मध्ये मुंबई सिटी एफसीत आल्यानंतर त्याच्या हृदयाच्या टोकाकडचा स्नायू जाड असल्याचं निदान झालं. हा हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीचा एक प्रकार. 2020 मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला थांबवलं, तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला, आणि पुढे खेळण्याची वाट मोकळी झाली. मार्च 2022 मध्ये तो बहारीनविरुद्ध भारताकडून पहिल्यांदा उतरला, आणि जूनमध्ये कोलकात्यात हाँगकाँगविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला त्याने गोल केला.

त्याचे अहवाल आम्ही पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्याच्याविषयी निवाडा देणार नाही. नियम मात्र बदलले आहेत. पूर्वी हे निदान म्हणजे खेळ संपला. 2020 च्या युरोपीय सूचनांनी काही जणांना वाट ठेवली : कधी भोवळ आलेली नाही, पाच वर्षांतल्या अचानक मृत्यूचा हिशेब 4 टक्क्यांच्या आत, रक्त बाहेर पडण्याच्या वाटेत अडथळा नाही, व्यायामात रक्तदाब नीट चढतो आणि ठोका भरकटत नाही. यातलं एक जरी बिघडलं तर खेळ थांबवण्याचा सल्ला कायम.

टोकाकडची जाडी साध्या इकोत सुटते, ही यातली मेख. ईसीजीच्या डाव्या बाजूच्या पट्ट्यांत टी-लहरी खोल उलट्या दिसल्या आणि इको ‘नॉर्मल’ आला, तर फाइल बंद न करता एमआरआय करा. उलट, सरावानेही भिंत जाड होते. निरोगी खेळाडूत ती सहसा 12-13 मिलिमीटरच्या पुढे जात नाही, आणि आजार 15 पासून धरतात. मधल्या आकड्यात अडकलेल्याला तीन महिने सराव बंद करून पुन्हा मोजतात. खेळाने आलेली जाडी उतरते, आजाराची उतरत नाही.

प्रश्न : अकादमीत मुलांचे ईसीजी आणि इको झाले, सगळे नॉर्मल. आता निश्चिंत राहायचं ना? (नाशिक)

अर्धवट. इंग्लिश फुटबॉल असोसिएशनच्या तपासणी कार्यक्रमाचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. 11,168 किशोरवयीन खेळाडूंपैकी 42 जणांत जीवाला धोका असलेले हृदयदोष सापडले. पुढे 8 जण हृदयविकाराने अचानक गेले, आणि त्यातल्या 6 जणांची तपासणी नॉर्मल होती. काही आजार वयानुसार उगवतात. तपासणी दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा करा. पळताना भोवळ आली किंवा कुटुंबात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर वाट न पाहता लगेच.

प्रश्न : औषधं चालू असताना डोपिंगमध्ये अडकण्याची भीती वाटते. (मुंबई)

बीटा-ब्लॉकरवर नेमबाजी, तिरंदाजीत बंदी आहे, फुटबॉलमध्ये नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या मात्र सगळ्याच खेळांत निषिद्ध आहेत, आणि रक्तदाबाच्या एकत्रित गोळीत त्या बेमालूम दडलेल्या असतात. प्रेडनिसोलोन तोंडावाटे घेणं स्पर्धाकाळात निषिद्ध. गरज असेल तर ‘नाडा’ या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज आधी करा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर बंदी नाही, पण त्या चालू असताना हेडरमध्ये डोक्यावर डोकं आपटलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. स्टेंटनंतरच्या दोन गोळ्या सहसा 6 ते 12 महिने चालतात, तोवर धक्क्याचा खेळ नको. 1 मे 2019 ला सरावात हृदयविकाराचा झटका आलेला गोलकीपर इकेर कासियास त्यानंतर पोर्तोसाठी एकही सामना खेळला नाही. ऑगस्ट 2020 मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

प्रश्न : हृदयाचा आजार असलेला खेळाडू आमच्या स्पर्धेत खेळणार आहे. आयोजक म्हणून मैदानावर काय तयारी ठेवू? (म्हापसा)

तो नसता तरी हीच तयारी लागली असती. 5 डिसेंबर 2004 रोजी बंगळूरमध्ये फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात, दुसरा गोल करताना गोलकीपरशी टक्कर होऊन गोव्याच्या धेंपो क्लबचा क्रिस्तियानो ज्युनियर कोसळला आणि दगावला.

कुणाचाही धक्का न लागता खेळाडू पडला आणि हाक मारून उठत नाही, तर हृदय बंद पडलं असंच धरा. हातपाय झटकले जातात, घुसमटल्यासारखे श्वास येतात, आणि लोक फिट समजून कांदा किंवा चप्पल हुंगवत बसतात. शॉक मिळायला लागणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. एकाने 108 ला फोन करायचा, एकाने छाती दाबायला लागायचं : मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल. तिसऱ्याने शॉक मशीन आणायचं. ते तीन मिनिटांत पोचेल अशा जागी, कुलपाबाहेर असावं. पावसात भिजलेली छाती आधी कोरडी पुसा, नाहीतर पॅड चिकटत नाहीत. आयसीडीचा फुगवटा दिसला तर पॅड त्यापासून 8 सेंटिमीटर दूर लावा. त्या खेळाडूचं आतलं यंत्र चालेल म्हणून थांबू नका.

प्रश्न : सही झाल्यावर क्लबने वैद्यकीय तपासणी केली, हृदयात दोष सांगितला आणि करार रद्द म्हणून कळवलं. आता? (नवी मुंबई)

फिफाच्या खेळाडू हस्तांतर नियमांतल्या कलम 18 नुसार कराराची वैधता वैद्यकीय तपासणीच्या निकालावर अवलंबून ठेवता येत नाही. तपासणी सहीच्या आधी करणं ही क्लबची जबाबदारी. तेव्हा ‘राजीनामा’ किंवा ‘परस्पर सहमती’ असं लिहिलेल्या कागदावर घाईने सही करू नका. अहवालाची प्रत आणि एमआरआयची सीडी लेखी मागून घ्या, स्वतंत्र हृदयरोगतज्ज्ञाचं दुसरं मत घ्या, आणि मग खेळाडूंच्या संघटनेमार्फत किंवा वकिलामार्फत उत्तर द्या. विम्याचा कागदही काढून वाचा. वैयक्तिक अपघात विम्यात आजाराने आलेली निवृत्ती सहसा बसत नाही, त्यासाठी गंभीर आजारांची वेगळी पॉलिसी लागते. ती निदानानंतर काढायला गेलं तर हाच आजार बहुधा वगळला जातो.